आटे की खाच

मराठी वाङ्मयात दिव्यांचा तुटवडा कधीच नव्हता. ज्ञानेश्वरीला आपण 'भावार्थदीपिका' म्हणतो. तिच्यानंतरच्या सातशे वर्षांत समई, निरांजन, लामणदिवा, पणती, चिमणी, कंदील आणि पेट्रोमॅक्स असा सगळा दीपपरिवार आमच्या कथा-कवितांतून यथासांग नांदला. विजेच्या दिव्याची मात्र बोळवण झाली. त्याने बटन दाबले आणि खोली उजळली, एवढे लिहिले की लेखक मोकळा. हा दिवा कशाला धरून लोंबत असतो, याची विचारपूस कोणी केल्याचे आमच्या वाचनात नाही. समीक्षकांचे तर सोडाच. त्यांना प्रकाश हवा असतो, आणि तोही बहुधा दुसऱ्याने पाडलेला.

प्रस्तुत टिपण दिव्याच्या मानेविषयी आहे. बल्बची टोपी आणि होल्डरचे तोंड यांची सोयरीक दोन पद्धतींनी जुळते. एकीत टोपीला आटे असतात आणि बल्ब फिरवत फिरवत आवळायचा असतो. दुसरीत टोपीच्या दोन अंगांना दोन बारीक खुंट्या असतात. त्या होल्डरच्या खाचांत उतरवायच्या, बल्ब किंचित दाबायचा, पाव वेढ्याहूनही कमी फिरवायचा आणि सोडून द्यायचा. ज्यांना तपशिलाची आवड आहे त्यांच्यासाठी: पहिलीचे घरगुती माप 'ई२७', म्हणजे एडिसनचा ई आणि २७ मिलिमीटर व्यास, दुसरीचे 'बी२२डी', म्हणजे बायोनेटचा बी, २२ मिलिमीटर, आणि तळाशी दोन स्पर्शबिंदू असतात म्हणून डी. अमेरिकेत आणि बहुतेक युरोपात पहिली पद्धत रूढ आहे. भारतातल्या घरांतून पूर्वापार दुसरी. गोष्ट एवढीच आहे. तरीही गेल्या वर्षी देवळीच्या आमच्या घरात तिच्यावरून तीन दिवस काम अडून राहिले.

देवळी हे वर्धा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, वर्ध्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. मिरननाथ महाराजांच्या यात्रेमुळे ते आसपासच्या लोकांना ठाऊक असते. पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगताना 'सेवाग्रामच्या बाजूला' अशी खूण द्यावी लागते. तिथले आमचे घर आजोबांच्या काळचे आणि त्यातले वायरिंगही जवळजवळ तितकेच जुने: लाकडी पट्ट्या, त्यांवर पत्र्याच्या चापांत धरलेल्या तारा, आणि काळ्या गोल बटनांचे ठोकळे. घरात आता आई एकटी राहते. तिचे वय ८३. काचबिंदूने तिची दृष्टी कडांकडून कुरतडत आणली आहे आणि मध्ये एक झरोका तेवढा शिल्लक ठेवला आहे. नागपूरला आमच्याकडे यायला ती तयार नाही, आणि तिने का यावे याचे तिला पटेल असे एकही कारण आम्हाला आजवर देता आलेले नाही. शेवटी एका अटीवर तह झाला: दिवेलागणीनंतर घरातल्या कोणत्याही कोपऱ्यात अंधार राहता कामा नये, आणि एखादा दिवा गेलाच तर दुसऱ्याची वाट न पाहता तो तिला बदलता आला पाहिजे. तेवढ्यासाठी नवे वायरिंग. आणि वायरमनने वायरचे बंडल सोडण्याआधीच विचारले, "होल्डर चुडीवाले लावू का पिनवाले?"

प्रश्न अकारण नव्हता. पुण्याच्या आमच्या पुतणीने आजीच्या नव्या उजेडासाठी चार सुंदर टांगते दिवे पाठवले होते, वेताच्या टोपल्यांसारख्या छत्र्यांचे, आणि चारही आट्यांचे. तिचा युक्तिवाद असा की शोभेचे, बाहेरून आलेले, नव्या धर्तीचे बहुतेक दिवे आता आट्यांचेच मिळतात. सगळे घर उकललेच आहे तर सगळे होल्डर एकाच जातीचे करून टाका. तरुण माणसांच्या युक्तिवादात एक स्वच्छता असते, ती आम्हाला आवडते. त्याला उत्तर देणे भाग होते आणि ते देण्यासाठी हा विषय मुळापासून पाहणे भाग होते.

आधी शब्द पाहू, कारण आमची तीच सवय आहे. 'चुडी' हा शब्द वायरमनकडे हिंदीतून आला आहे. विदर्भात हिंदी-मराठीचा शेजार इतका जुना आहे की कोणी कोणाकडून काय उसने नेले याचा हिशेब लागत नाही. नळवाले त्यालाच 'आटे' म्हणतात आणि पाइपला 'आटे पाडतात'. पुस्तकी मराठीत 'मळसूत्र' आहे, तो शब्द आता शब्दकोशाबाहेर क्वचित भेटतो. वस्तू मात्र आमच्या घरांना परकी नव्हती. प्रवासाला निघताना बरोबर घ्यायचा फिरकीचा तांब्या ज्यांनी पाहिला आहे, त्यांना आट्यांचे मर्म सांगायला नको: झाकण फिरवून घट्ट केले की बैलगाडीच्या हिसक्यांतही थेंब सांडत नसे.

खाचेच्या पद्धतीला मराठी नाव मिळाले नाही, हे जरा विचित्रच. बायोनेट म्हणजे संगीन. बंदुकीच्या नळीच्या तोंडात पाते खुपसले की गोळी झाडता येईना, म्हणून सतराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात पात्याला नळीवर चढणारी बांगडी आली. बांगडीतली वाकडी खाच नळीवरच्या खुंटीवर सरकवायची, पिळायची आणि पाते पक्के. त्या जोडणीचे नाव पुढे बल्बला चिकटले. आमच्याच तालुक्यात, पुलगावला, सैन्याचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे. तिथल्या माणसापुढे 'बायोनेट' म्हटले तर त्याच्या डोळ्यांसमोर बल्ब नक्कीच येणार नाही. 'संगीन होल्डर' असा शब्द कोणी घडवला नाही हे बरेच झाले. शांत घरात, देवघराच्या वर, संगीन कशाला हवी? लोकांनी 'पिनचा बल्ब' म्हटले आणि हत्याराची आठवण पुसून टाकली.

आट्यांच्या टोपीचे जनकत्व एडिसनकडे जाते. तिचे अमेरिकी पेटंट १८८१ सालचे. रॉकेलच्या डब्याचे फिरकीचे झाकण उघडता-लावताना त्याला ती सुचली अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, ती असायला हवी होती असे आम्हाला वाटते. ज्या रॉकेलला घराबाहेर घालवायचे त्याच्याच डब्याचे झाकण विजेच्या दिव्याने डोक्यावर घेतले, यापेक्षा चांगला काव्यगत न्याय सापडणे कठीण. तिकडे इंग्लंडात जोसेफ स्वानचे आरंभीचे दिवे तारेच्या आकड्यांना अडकवलेले असत. एडिसन आणि स्वान यांच्या इंग्लंडातल्या कंपन्या १८८३ मध्ये एक झाल्या, पण टोपीच्या बाबतीत ब्रिटिश घरांनी पुढे खाचेचाच पदर धरला. ब्रिटिश जिथे जिथे विजेचे खांब घेऊन गेले तिथे तिथे ही खाच गेली: ऑस्ट्रेलियात, आयर्लंडमध्ये, आपल्याकडे. आपल्या मानकसंस्थेने खाचेच्या होल्डरसाठी 'आयएस १२५८' हे मानकही केले आणि परकी खाच रीतसर स्वदेशी झाली.

म्हणजे आपल्या घरात कोणता होल्डर असावा हे कोणी दोहोंची तुलना करून ठरवलेले नाही. आधी जो आला त्याचे माप पुढच्यांना पाळावे लागते. याचे मोठे उदाहरण आमच्या तालुक्याने रुळांवर पाहिले आहे. पुलगाव-आर्वी ही गाडी ७६२ मिलिमीटरच्या अरुंद रुळांवर धावायची; पुलगावच्या मोठ्या रुळांवरचा डबा तिच्या रुळांवर चढू शकत नसे, सगळा माल आणि सगळी माणसे तिथे उतरून बदलायची. ती गाडी थांबली. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा-कळंब हा ब्रॉडगेज मार्ग सुरू झाला आणि देवळीला थेट मोठ्या मापाचे रूळ आले. माप बदलायचे तर रूळ उखडावे लागतात. होल्डरचे तेवढे अवघड नाही, दोन स्क्रूंचे काम आहे. पण होल्डरच्या मागे गावातल्या प्रत्येक दुकानाची फळी उभी असते, हे विसरून चालत नाही. आम्ही देवळीतल्या दोन दुकानांत आट्यांचा ९ वॅटचा साधा बल्ब मागून पाहिला. एका ठिकाणी नव्हताच. दुसऱ्या ठिकाणी एक निघाला, तो निळा होता. वायरमनचे मत या बाबतीत आधीच तयार होते: "चुडीवाला लावून देतो सर, पण बल्ब वर्ध्याहून आना लागन."

पुतणीचे म्हणणे असे की चार बल्ब एकदम मागवून ठेवता येतात. आता घरपोच येतात. तेही खरे. म्हणून केवळ दुकानाच्या आधारावर निकाल देणे आम्हाला प्रशस्त वाटले नाही, आणि आम्ही हातांकडे वळलो.

एका लाकडी फळीवर दोन्ही जातींचे एकेक होल्डर बसवले, तारांशिवाय, आणि फळी ओट्यावर भिंतीला टेकवून आईला म्हटले की डोळे मिटून दोन्हींत बल्ब लाव. हा प्रयोग शास्त्रीय नव्हे, हे सांगायला नकोच. पण ज्या हातांसाठी घर चालले होते त्याच हातांनी तो केला, एवढे प्रामाण्य आम्हाला पुरेसे होते. खाचेचा बल्ब तिने होल्डरच्या तोंडाशी धरला, सावकाश फिरवला. खुंट्या खाचांवर येताच बल्ब किंचित आत गेला, तिने दाबला, वळवला, सोडला. आतल्या स्प्रिंगांनी तो मागे ढकलला आणि खुंट्या खाचेच्या टोकाच्या खोबणीत जाऊन टेकल्या. 'टक्' असा बारीक आवाज झाला. आट्यांचा बल्ब पहिल्या खेपेला तिरपा धरला गेला आणि अर्ध्या वेढ्यातच अडला. दुसऱ्या खेपेला सरळ गेला. ती फिरवत राहिली, मग थांबली, मग आणखी थोडा फिरवला.

"हा बसला का नाही, सांगतच नाही बाप्पा," ती म्हणाली.

आमच्या मते या विषयावरचे सर्वांत नेमके विधान ते आहे. खाचेत बल्ब बसला की बसतो. अर्धवट बसण्याची सोय फारशी नाही, आणि बसल्याची वर्दी हाताला मिळते. आट्यांचे तसे नाही. किती आवळले म्हणजे पुरे, हा तिथे तारतम्याचा प्रश्न आहे. कमी आवळला तर तळाच्या जिभेला टेकत नाही, दिवा लुकलुकतो. जास्त आवळला तर ती पितळी जीभ चेपते आणि पुढचा बल्ब लागेनासा होतो, किंवा काढताना काच हातात आणि टोपी होल्डरमध्ये राहते. ज्याला दिसते त्याला हे तारतम्य अवघड नाही. ज्याला फक्त स्पर्श उरला आहे त्याला खाच उत्तर देते आणि आटे पुन्हा प्रश्नच विचारतात.

आट्यांच्या बाजूने जे आहे तेही नोंदवायला हवे. त्यांना खाच शोधावी लागत नाही. बल्ब कोणत्याही कोनातून धरला तरी चालतो. दाबायला बळ लागत नाही, आणि ही गोष्ट मोठी आहे, कारण नव्या होल्डरच्या स्प्रिंगा ताठ असतात आणि संधिवाताने धरलेल्या बोटांना त्या हार जाऊ देत नाहीत. आईची बोटे अजून जात्याच्या खुंट्याइतकी घट्ट आहेत, म्हणून आम्ही सुटलो. वाचकांपैकी कोणाच्या घरी वेगळी परिस्थिती असेल तर आमचा निकाल तिथे जसाच्या तसा लावू नये. शिवाय स्प्रिंग ही झिजणारी वस्तू आहे. शंभर वॅटच्या जुन्या बल्बांच्या धगीने खाचेच्या होल्डरमधल्या स्प्रिंगा मऊ पडत, संपर्क ढिला होई, ठिणगी उडे, आणि बॅकेलाइट तापून मासळीसारखा वास घरभर पसरे. आमच्या पिढीला तो वास आठवत असेल. उलट हादऱ्यांपुढे आटे हळूहळू सैल होतात. खाचेतला बल्ब स्प्रिंगेच्या ताणाने धरलेला असल्याने जागचा हलत नाही. मोटारगाड्यांचे मागचे दिवे वर्षानुवर्षे खाचेच्या टोपीचे राहिले त्याचे हेच कारण. (आट्यांवर अमेरिकनांनी एक गमतीदार तोडही काढली होती: भुयारी रेल्वेत उलट्या, म्हणजे डाव्या आट्यांचे बल्ब बसवायचे, की चोरून नेलेला बल्ब घरच्या होल्डरमध्ये बसू नये. माणसाच्या सचोटीवर विश्वास नसला की यंत्रशास्त्र कसे फुलते पाहा.)

आता विजेच्या धोक्याचा भाग, आणि हाच निर्णायक ठरला. आट्यांच्या होल्डरमध्ये तळाची जीभ हे विजेचे एक टोक आणि आट्यांची पितळी भिंत हे दुसरे. नियम असा की फेज तळाच्या जिभेला यावा आणि न्यूट्रल भिंतीला. मग बल्ब फिरवताना बोट टोपीच्या धातूला लागले तरी अपाय नाही. तारा उलट्या जोडल्या की हीच भिंत, आणि तिच्यात अर्धवट फिरलेल्या बल्बची टोपीही, २३० व्होल्टची होते. खाचेच्या होल्डरमध्ये दोन्ही टोके आत, स्प्रिंगांच्या दोन खिळ्यांवर असतात. बाहेरचे कडे आणि बल्बची टोपी या मंडलात येतच नाहीत, त्यामुळे तारा उलटसुलट झाल्या तरी बल्ब धरणाऱ्या हाताला फरक पडत नाही. मात्र रिकाम्या होल्डरमध्ये बोट घातले तर ते दोन्ही खिळे उघडेच आहेत, आणि बटन फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असेल तर बटन बंद असूनही एक खिळा जिवंत राहतो. निर्दोष कोणीच नाही.

चांगल्या प्रतीच्या नव्या आट्यांच्या होल्डरमध्ये भिंतीला आवरण असते, टोपी पुरेशी आत गेल्यावरच स्पर्श होतो, हे आम्हाला ठाऊक आहे. नियमाने जोडले तर आटे सुरक्षित आहेत. अर्धे जग त्यांच्याखाली निर्धास्त जेवते. प्रश्न 'नियमाने जोडले तर' या तीन शब्दांचा आहे. आमच्या घराच्या जुन्या तारा उकलल्या तेव्हा वायरमनने एकेका जागी टेस्टर लावून पाहिला. अकरा जागांपैकी चार ठिकाणी फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल होती. कोण्या काळी कोणी केली कोण जाणे. तीन पिढ्यांत चार-पाच हात त्या ठोकळ्यांवरून फिरले असतील. या चार चुकांखाली आमच्या घराने साठ-एक वर्षे काढली आणि कोणाला साधा झटकाही बसला नाही, कारण वर खाच होती. आता सगळे सरळ झाले आहे. परंतु उद्या आम्ही नसताना कोणी पंखा दुरुस्त करायला येईल, परवा कोणी नवे बटन टाकेल, आणि त्यांतल्या प्रत्येकाने रंग पाहून तार जोडली असेल याची हमी आम्ही नागपुरात बसून कशी देणार? जी रचना दुसऱ्याच्या बिनचूकपणावर कमी अवलंबून आहे ती एकट्या माणसाच्या घराला बरी, असे आम्ही पुतणीला कळवले. तिने 'पटले' असे लिहिले आणि पुढे एक रुसलेले चिन्ह टाकले.

घराला कोणता दिवा योग्य, हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात याआधी फार गंभीरपणे विचारला गेला आहे, याची आठवण या पत्रव्यवहारात वारंवार येत होती. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचे ठाणे वर्ध्याला मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार. तिथे 'मगनदीप' नावाचा एक कंदील घडवला गेला. त्याचे वैशिष्ट्य असे की तो रॉकेलऐवजी वनस्पतिज तेलावर जळायचा. रॉकेल परदेशातून येते, पैसा घेऊन जाते आणि दिवा बिघडला तर गावाला परावलंबी करते. तेल गावच्या घाणीतून निघते, म्हणून दिव्यानेच तेलाच्या मापाचे व्हावे, असा तो विचार. १९३८ च्या ३० डिसेंबरला गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आजही वर्ध्यात आहे; आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना तिथे नेतो तेव्हा ती मुले चरख्यांपुढे रेंगाळतात आणि दिव्यांपुढून भरभर निघून जातात.

मगनदीप टिकला नाही. आधी रॉकेल आणि मग वीज यांच्यापुढे तो टिकण्यासारखाही नव्हता, आणि त्याची हळहळ करत बसावे अशा मताचे आम्ही नाही. वनस्पतिज तेलाच्या उजेडात उत्तरपत्रिका तपासायची वेळ आमच्यावर आली असती तर आम्ही कुमारप्पांना दोन गोष्टी ऐकवल्या असत्या. पण दिवा पारखायची त्यांची कसोटी आम्हाला अजून खरी वाटते. उजेड किती पडतो हे तर पाहायचेच. शिवाय हा दिवा विझला तर तो पुन्हा पेटवायला आपल्याला किती दूर जावे लागते, हेही पाहायचे. १९३०च्या दशकात ते अंतर तेलाच्या घाणीपासून परदेशी तेलविहिरींपर्यंतचे होते. आमच्या आईसाठी ते देवळीच्या चौकापासून वर्ध्यापर्यंतचे आहे. प्रमाण बदलले आहे, एवढेच.

साहित्याच्या वाचकांना कदाचित या प्रकरणाचे आणखी एक अंग रुचेल. गेल्या पंधरा-वीस वर्षांत बल्बच्या आतले सर्व काही बदलले. टंगस्टनची तार गेली, मधल्या काळात पिळाच्या नळ्यांचा सीएफएल येऊन गेला, मग एलईडी आला. २०१५ च्या जानेवारीत सरकारची 'उजाला' योजना सुरू झाली आणि तिच्यातून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब देशभर वाटले गेले. त्यांची टोपीही तीच, दोन खुंट्यांची. एलईडीच्या कणाला त्या टोपीची मुळात गरज नाही. त्याला अल्प दाबाचा एकदिश प्रवाह लागतो; टोपीजवळच्या पोकळीत दडवलेले एक इवलेसे मंडल २३० व्होल्टचे रूपांतर करून त्याला भरवते. पूर्वीच्या शंभर वॅटच्या जागी नऊ-दहा वॅट, म्हणजे स्प्रिंग भाजण्याचा जुना दोषही जवळपास संपला. तरी रूप तेच राहिले: गोल डोके, निमुळती मान, पितळी टोपी. नवा मजकूर जुन्या ओवीत बसावा तसा. ओवी ज्ञानेश्वरांनी वाहिली, जात्यावरच्या बायांनी वाहिली, आणि दर वेळी आतला उजेड निराळा होता. छंदाची खाच तीच राहिली म्हणून तो प्रत्येक घरात लागला. आमच्या काही नवकवी मित्रांना ही उपमा आवडणार नाही. त्यांनी स्वतंत्र वायरिंग करून घ्यावे.

असो. शेवटी केले ते असे. घरातल्या अकरा जागांपैकी आठ जागी खाचेचे अँगल होल्डर भिंतीवर बसवले, आणि तेही छताजवळ नाही तर आईच्या उचललेल्या हाताच्या बेतात. तिने स्टुलावर चढायचे नाही, हे दिव्याच्या जातीपेक्षाही महत्त्वाचे होते आणि वायरमनला पटवायला सर्वांत कठीण. "इतक्या खाली बरं नाही दिसत मावशी," असे तो दोन दिवस म्हणत राहिला. मोरीजवळचा झिरोचा बल्ब काढून तिथेही एलईडी लावला. हा झिरो नावाचाच शून्य. तो दहा-पंधरा वॅट खात असे, पण जुन्या मीटरला इतक्या थोड्या विजेची दखल घेता येत नसल्याने लोकांनी त्याला ते नाव बहाल केले होते.

स्वयंपाकघर आणि मागचा ओसरीचा भाग इथे बॅटरीचे, म्हणजे इन्व्हर्टरचे म्हणतात ते बल्ब आहेत. लाईन गेली तरी ते तीन-चार तास तेवतात. त्यांची एक खुबी आईने दुसऱ्याच दिवशी हेरली. तो बल्ब होल्डरमधून काढून तळाच्या दोन बिंदूंवर बोटे टेकवली की हातात पेटतो. त्यामुळे आता लाईन गेली की ती बल्ब दाबते, वळवते, काढते आणि बोटे तळाशी धरून कंदिलासारखा पुढे करून अंगणातल्या तुळशीपर्यंत जाऊन येते. आट्यांच्या बल्बचाही असाच उपयोग होतो. फक्त तो काढेपर्यंत अंधारात चार-पाच वेढे द्यावे लागतात.

राहिलेल्या तीन जागा आणि पुतणीचे चार दिवे. एक दिवा जास्तीचा म्हणून तिने परत मागवला नाही, तो माळ्यावर आहे. बाकीचे तीन बैठकीत टांगले, आट्यांसकट. त्या खोलीत पाहुणे बसतात आणि रात्री कोणी नसते. आट्यांतून खाचेत नेणारी जोडटोपी दहा-वीस रुपयांना मिळते, ती बसवावी असे वायरमनने सुचवले होते. पण तिने बल्ब बोटभर खाली उतरतो आणि वेताच्या छत्रीतून डोकावू लागतो, ते पुतणीला खपले नसते. त्या तिघांसाठी आम्ही वर्ध्याहून दोन जादा बल्ब आणून ठेवले आहेत. कपाटात आठ खाचेचे आणि दोन आट्यांचे बल्ब शेजारी शेजारी आहेत, खोकी सारखीच. आट्यांच्या दोन खोक्यांना आईने रबरबँड गुंडाळून घेतला आहे.